लॅपटॉपची रॅम वाढवायची आहे? आधी मेमरी कशी चालते ते बघा, मग पुण्याच्या तपकीर गल्लीत जा

लॅपटॉप मंद झाला की सल्ला ठरलेला असतो: "रॅम टाकून घे." पुण्यात शिकायला आलेली मुलं, घरून काम करणारी मंडळी, जुना लॅपटॉप विकत घेतलेले पालक हा सल्ला ऐकून पैसे खर्च करतात. मग कधी नवी स्टिक (रॅमची पट्टी) खाचेत बसत नाही, कधी बसते पण स्क्रीन काळीच राहते, तर कधी सगळं चालू होतं आणि मशीन मात्र होतं तितकंच मंद राहतं, कारण अडचण रॅमची नव्हतीच. रॅम म्हणजे चालू कामाचा डेटा ठेवणारी तात्पुरती मेमरी; तिच्यात डेटा नेमका कसा राहतो एवढं समजलं, तर दुकानात काय मागायचं आणि काय नाकारायचं हे फारसं विचारावं लागत नाही. म्हणून आधी थोडं ते, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

१. आधी एक शब्द मोजून बघा

विंडोज १० किंवा ११ मधलं नोटपॅड उघडा, फक्त "पुणे" असं टाइप करा, पुढे स्पेस किंवा एंटर देऊ नका. एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत लिहायची पद्धत) युटीएफ-८ ठेवून फाइल सेव्ह करा. तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की साइज १२ बाइट दिसेल.

दिसायला दोन अक्षरं, मग १२ बाइट कसे? संगणकाच्या लेखी हे चार वर्ण आहेत: प, उकार, ण आणि मात्रा. युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. युनिकोडमध्ये (वर्णांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत) "प"चा क्रमांक २३४६, आणि फाइलमध्ये तो असा उतरतो: १११००००० १०१००१०० १०१०१०१०. एका "प"साठी २४ बिट (एका बाइटात आठ), म्हणजे २४ वेळा शून्य किंवा एक. विंडोज स्वतःच्या कामासाठी मजकूर युटीएफ-१६ मध्ये ठेवतं, तिथे याच शब्दाचं ८ बाइटांत भागतं. डेटा तोच, पण किती जागा खाणार हे तो कुठल्या पद्धतीने ठेवलाय त्यावर ठरतं.

आता हे बिट रॅममध्ये बसतात कुठे? लॅपटॉपमधली रॅम डीरॅम या प्रकारची असते. तिच्यात एका बिटला एक पेशी, आणि त्या पेशीत एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला की एक, नसला की शून्य. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ साली मिळालं. १९७० मध्ये इंटेलने बाजारात आणलेल्या ११०३ या चिपमध्ये अशा तत्त्वावरचे १,०२४ बिट मावत. आज ८ जीबीच्या एका स्टिकमध्ये सुमारे ६,८७२ कोटी पेशी असतात.

हा कपॅसिटर म्हणजे गळका माठ आहे. भरून ठेवला तरी पाणी झिरपत राहतं, म्हणून रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरावा लागतो. मेमरी कंट्रोलर (रॅमचं कामकाज सांभाळणारा भाग) साधारण तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांत पेशींची प्रत्येक ओळ एकदा तरी पुन्हा भरतो, सेकंदाला जवळपास १६ वेळा. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली की गळती वाढते, मग हे काम दुप्पट वेगाने करावं लागतं. वीज बंद झाली की भरणारं कोणी नाही आणि डेटा गेला. डेस्कटॉपवर काम चालू असताना वीज गेली की सेव्ह न केलेली फाइल जाते ती याचमुळे.

वाचणंही वाटतं तितकं सरळ नसतं. एक बिट हवा असला तरी ती अख्खी ओळ उघडावी लागते. उघडताना पेशींमधला भार निघून जातो, म्हणून वाचलेलं पुन्हा तिथेच लिहावं लागतं. यात वेळ जातो, आणि गंमत म्हणजे हा वेळ वर्षानुवर्षं फारसा कमी झालेला नाही. डीडीआर३-१६०० ची सीएल११ स्टिक आणि डीडीआर४-३२०० ची सीएल२२ स्टिक घ्या (डीडीआर३, डीडीआर४ या रॅमच्या पिढ्या, पुढचा आकडा वेग, आणि सीएल म्हणजे विलंबाचे ठोके): दोन्हींत हा विलंब १३.७५ नॅनोसेकंदच येतो. वाढला आहे तो एका वेळी वाहून आणायचा माल. डीडीआर३-१६०० एका चॅनेलवर (रॅम ते प्रोसेसर या वाटेवर) सेकंदाला १२.८ जीबी देते, डीडीआर४-३२०० देते २५.६ जीबी. म्हणून नुसता मोठा आकडा बघून "दुप्पट वेगवान" असं कोणी म्हटलं, तर ते अर्धंच खरं आहे.

२. रॅम कमी पडली की काय होतं

प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीतून, म्हणजे कॅशमधून, डेटा यायला साधारण एक ते काही नॅनोसेकंद लागतात. रॅममधून शंभराच्या आसपास. एसएसडीमधून (फिरते भाग नसलेल्या डिस्कमधून) साधारण शंभर मायक्रोसेकंद, म्हणजे रॅमच्या हजारपट. फिरत्या हार्ड डिस्कमधून दहा मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे रॅमच्या लाखपट.

रॅम भरली की विंडोज मशीन बंद पाडत नाही. मेमरीचं जे पान (तुकडा) सध्या लागत नाही ते डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. हार्ड डिस्क असेल तर प्रत्येक फेरीला लाखपट उशीर. क्रोममधला टॅब बदलल्यावर पाच सेकंद पांढरी स्क्रीन दिसते, ती ही फेरी.

एसएसडीत हा त्रास कमी जाणवतो, पण ती रॅमची जागा घेऊ शकत नाही. एसएसडीत नॅन्ड फ्लॅश नावाचं मेमरीचं तंत्र असतं. तोशिबातल्या फुजियो मासुओका यांच्या गटाने ते १९८७ मध्ये जगापुढे मांडलं. यात भार चारी बाजूंनी इन्सुलेटरने बंद केलेल्या थरात अडकवतात, म्हणून वीज नसतानाही तो टिकतो. मात्र आधी लिहिलेल्या जागेवर थेट नवं लिहिता येत नाही. अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्याबरोबर तो इन्सुलेटर थोडा झिजतो. कमी रॅमचं मशीन दिवसभर एसएसडीवर पेज फाइल लिहीत बसलं तर वेग जातोच, वर ही झीजही होते.

३. खरंच रॅमच कमी आहे का, ते तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पैसे इथेच वाया जातात.

नेहमीचं काम नेहमीसारखं उघडा: ब्राउझरचे टॅब, एक्सेल, झूम, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी.

- "इन यूज" एकूण रॅमच्या ८५ ते ९० टक्क्यांवर सतत राहतंय, आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांच्या आसपास आहे: रॅम कमी आहे, वाढवा.
- "कमिटेड"चा पहिला आकडा तुमच्या एकूण रॅमपेक्षा बराच मोठा आहे: तेच.
- "इन यूज" निम्म्यावर आहे, तरी मशीन मंद आणि डिस्क १०० टक्के: तुम्हाला रॅम नाही, एसएसडी हवी.
- डिस्क शांत, रॅम मोकळी, पण सीपीयू १०० टक्के: दोन्हींवर खर्च करू नका. आधी अँटीव्हायरस, अपडेट किंवा साचलेली धूळ बघा.

"कॅश्ड"चा मोठा आकडा पाहून घाबरू नका. ती मोकळीच जागा आहे. पुन्हा लागतील अशा फाइली विंडोजने तिथे तात्पुरत्या ठेवलेल्या असतात, आणि दुसऱ्या कामाला जागा लागली की लगेच सोडून देतं. रॅम "साफ" करणारी अ‍ॅप्स हीच कॅश उडवतात, मग त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून आणाव्या लागतात. ही अ‍ॅप्स काढून टाका.

याच पानावर "स्लॉट्स यूज्ड" लिहिलेलं असतं. "१ ऑफ २" असेल तर बहुधा एक खाच मोकळी आहे. पण बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असू शकते, विशेषतः एलपीडीडीआर (कमी वीज खाणारा प्रकार) असेल तर, आणि हा आकडा तेव्हा फसवतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावर तुमच्या अचूक मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून खाच आहे का आणि कमाल किती रॅम चालते हे पक्कं करा. मॉडेल नंबर लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. नुसतं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाखाली खाचवाले आणि बिनखाचेचे असे दोन्ही प्रकार विकले जातात.

किती घ्यावी? ब्राउझर, वर्ड आणि ऑनलाइन वर्ग एवढंच असेल तर ८ जीबीत निभतं. अँड्रॉइड स्टुडिओ, डॉकर, व्हर्च्युअल मशीन किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर सरळ १६ घ्या. आणि ३२ बिटचं विंडोज असेल तर आधी ते बदला. ३२ बिटांनी ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते देता येतात, म्हणजे ४ जीबी. त्यावरची रॅम बसेल, पण वापरली जाणार नाही.

४. स्टिकवरचं लेबल वाचायला शिका

आत असलेल्या स्टिकवर बारीक अक्षरांत काहीसं असं छापलेलं असतं: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-एसए२. हे तुकड्या-तुकड्याने वाचा.

८जीबी ही क्षमता. १आर म्हणजे एक रँक (एकदम काम करणाऱ्या चिपांचा एक गट), एक्स८ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. ६४ बिटांच्या मार्गाला अशा आठ चिप लागतात, मोजून बघा. पीसी४ म्हणजे डीडीआर४. ३२०० हा वेग. त्यामागचं एए म्हणजे सीएल२२. शेवटच्या तुकड्यातला एस सांगतो की ही लॅपटॉपची छोटी स्टिक आहे. तिथे यू असेल तर डेस्कटॉपची, आर असेल तर सर्व्हरची.

काही कंपन्या वेगाऐवजी पीसी४-२५६०० असं छापतात. तो सेकंदाला मेगाबाइटचा आकडा आहे, ८ ने भागलं की ३२०० मिळतात.

पिढी चुकली तर काहीच जमत नाही. लॅपटॉपच्या डीडीआर३ ला २०४ पिन, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. पिनांमधली बारीक खाचही वेगळ्या जागी. डेस्कटॉपवर जास्त सांभाळा: तिथे डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिन आहेत, फरक फक्त खाचेच्या जागेत. बसत नसेल तर जोर लावू नका.

व्होल्टेजही बघा: डीडीआर३ ला १.५, डीडीआर३एल ला १.३५, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१ व्होल्ट. साधी डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांचा आकार अगदी सारखा असतो, त्यामुळे चुकीची स्टिक आरामात बसते. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच लागते; दुसरी टाकली तर बहुधा मशीन सुरूच होत नाही. लेबलवर पीसी३एल आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

५. निघण्यापूर्वी हे जवळ ठेवा

- लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर आणि आतल्या स्टिकच्या लेबलचा स्पष्ट फोटो
- लॅपटॉप वॉरंटीत असेल तर त्याचं बिल (पोट उघडलेलं कंपनीला चालतं का, हे आधी विचारून घ्या)
- बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की, मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहिलेली. बॅटरी काढल्याने बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या प्रणालीच्या) सेटिंग बदलल्या तर पुढच्या वेळी विंडोज ती मागू शकतं
- महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप
- घरी बसवणार असाल तर पीएच० मापाचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, झाकण उचकटायला गिटारचं पिक किंवा जुनं प्लास्टिक कार्ड, एक कोरा कागद आणि चिकटपट्टी

६. खरेदी

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिक्सची जुनी बाजारपेठ. दुचाकी लावायला जागा मिळणं अवघड, त्यापेक्षा मंडई मेट्रो स्थानकावर उतरून पायी जा. उपनगरांतल्या दुकानांत आणि ऑनलाइनही तोच माल मिळतो. पेठेतल्या दुकानाचा खरा फायदा वेगळा आहे: लॅपटॉप सोबत नेला तर काउंटरवरच स्टिक बसवून, बायोसमध्ये आकडा दाखवून मग पैसे द्या असं म्हणता येतं. तसं जरूर म्हणा. नीट दुकानदार नाही म्हणत नाही.

रॅमचा भाव सोन्यासारखा हलतो. जगातली बहुतेक डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांकडून येते, आणि त्यांनी उत्पादन वळवलं की इथला दर बदलतो. म्हणून त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा. मागच्या महिन्याचा दर धरून घासाघीस करू नका.

सापळे असे:

सर्व्हरची रॅम. सेकंडहँड बाजारात १६ जीबीची डेस्कटॉपसारखी दिसणारी स्टिक फारच स्वस्त मिळाली तर लेबलवर आर आहे का बघा. ही रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही.

"फक्त एएमडीसाठी" डीडीआर३. अशा ८ जीबीच्या स्वस्त स्टिकमध्ये चिपची रचना वेगळी असते, इंटेलच्या मशीनवर ती चालत नाही. जाहिरातीत हे बारीक अक्षरांत असतं.

बिलाशिवाय वॉरंटी. "कधीही या, बदलून देतो" हे तोंडी नको. जीएसटी बिलावर स्टिकचा सीरियल नंबर लिहून घ्या.

आणखी एक. तुमच्याकडे ८ जीबीची एक स्टिक असेल तर दुसरी १६ ची एकटी टाकण्यापेक्षा तशाच वेगाची ८ ची जोड द्या. दोन चॅनेल एकदम चालले की डीडीआर४-३२०० ची वहनक्षमता ५१.२ जीबी प्रति सेकंद होते, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला हा फरक चांगला जाणवतो. ४ आणि ८ अशी विषम जोडीही चालते: बहुतेक इंटेल मशीन ४ आणि ४ दुहेरी चालवतात, उरलेले ४ एकेरी. दोन स्टिकचे वेग वेगळे असतील तर दोन्ही कमी वेगाने चालतील.

७. बसवणं

१. लॅपटॉप पूर्ण शटडाउन करा, स्लीप नाही. शिफ्ट दाबून शटडाउन केलं की फास्ट स्टार्टअपही टळतं. चार्जर काढा.

२. पोटाचे स्क्रू काढा. एक-दोन स्क्रू मागच्या रबरी पायांखाली लपलेले असतात. कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा आयत काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर वरच्या बाजूला कीबोर्डाची जागा फुगते किंवा फुटते.

३. पिक फटीतून सरकवत झाकण सोडवा. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा.

४. थंडीत आणि उन्हाळ्यात पुण्याची हवा कोरडी असते, त्यामुळे अंगावर स्थिर वीज साठते. सिंथेटिक कपडे आणि गालिचा टाळा. स्टिक हातात घेण्याआधी रंग न दिलेल्या, जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा. स्टिक कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका.

५. स्टिक साधारण ३० अंशांच्या तिरक्या कोनात खाचेत सरकवा, सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी होईपर्यंत. मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिप "टक्" आवाज करून बसल्या पाहिजेत. एकच बसली असेल तर स्टिक तिरकी आहे, काढून पुन्हा लावा. स्क्रीन न येण्याच्या तक्रारींमागे सर्वांत जास्त वेळा हीच चूक असते.

डेस्कटॉपवर चार खाचा असतील आणि दोनच स्टिक असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. पिशवीवर छापलेला वेग मिळवायला बऱ्याचदा बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही वेगाची सेटिंग चालू करावी लागते, नाहीतर ३२०० ची स्टिक २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

८. पहिल्यांदा चालू करताना

डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. कंट्रोलर नव्या स्टिकसाठी वेळेची जुळणी करत असतो. घाईने बटण दाबून बंद करू नका.

डीडीआर३ किंवा डीडीआर४ वर दोन मिनिटांतही काही दिसलं नाही, किंवा बीप वाजत राहिला, तर बंद करा, बॅटरी काढा, नवी स्टिक काढून जुनी एकटी लावून बघा. जुनीवर चालू झालं तर नवी एकटी त्याच खाचेत लावा. स्टिक बिघडली आहे की खाच, हे असं कळतं. पावसाळ्याच्या दमट हवेनंतर जुन्या स्टिकच्या पिनांवर थर धरतो. कारागीर खोडरबर घासतात, पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा खाचेत पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसणं जास्त चांगलं.

चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा बघा. १६ जीबी टाकून १५.८ किंवा त्याहून थोडी कमी "वापरता येण्याजोगी" दिसली तर फसवणूक झालेली नाही, काही भाग ग्राफिक्सने राखून ठेवलेला असतो.

९. रात्रभर चाचणी

ही पायरी टाळू नका. बिघडलेली हार्ड डिस्क निदान कुरकुर करते. बिघडलेली रॅम मात्र गप्प राहून चुकीचा बिट देते, आणि तो बिट तुमच्या फाइलीत सेव्ह होतो. झिप फाइल उघडेनाशी होते, इन्स्टॉलेशन अर्ध्यात थांबतं, आठवड्यातून एकदा निळी स्क्रीन येते, आणि कारण सापडत नाही.

स्टार्टमध्ये "विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक" शोधून चालवा. ते वरवरचं आहे, म्हणून त्यावर थांबू नका. मेमटेस्ट८६ ची मोफत आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून बूट करा आणि चार्जर लावून रात्रभर तिच्या चारही फेऱ्या होऊ द्या. सकाळी एरर शून्यच हव्यात. एक एरर म्हणजे "जवळजवळ ठीक" नाही. त्याच दिवशी बिल घेऊन दुकानात जा.

शेवटच्या चाचणीचं नाव हॅमर टेस्ट आहे. पेशी इतक्या जवळ आल्यात की एकाच ओळीला वारंवार धक्के दिले तर शेजारच्या ओळीतला बिट उलटू शकतो. बाकी सगळं स्वच्छ आणि फक्त इथेच थोड्या एरर आल्या, तर रोजच्या वापरात त्या सहसा आडव्या येत नाहीत. तरीही नवी स्टिक असेल तर बदलून घ्या.

१०. जुन्या सामानाचं काय

जुनी स्टिक नवीनच्या पिशवीत घालून महिनाभर ठेवा; वॉरंटीसाठी नवी पाठवावी लागली तर मशीन अडून राहणार नाही. नंतर ती बिनधास्त विका किंवा कोणाला द्या. बाहेर काढल्यावर काही वेळातच तिच्यातला भार गळून जातो, त्यामुळे तुमची एकही फाइल तिच्यात उरत नाही.

हार्ड डिस्क किंवा एसएसडीही बदलली असेल तर तिला हा नियम लागू नाही. तिच्यातला डेटा वीज नसतानाही राहतो आणि नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट केल्याने जाईलच असं नाही. हार्ड डिस्कला क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट द्या. एसएसडीला उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज चालवा, आणि मगच ती घराबाहेर जाऊ द्या.